जेम्स हॉर्नेल : तारलीच्या पोटातून समुद्र वाचणारा शास्त्रज्ञ

बडोद्याच्या सयाजीगंज परिसरात जुन्या बडोदा कॉलेजचा भव्य घुमट आहे, विश्वामित्रीच्या काठची कमाठीबाग आहे आणि त्या बागेत १८९४ साली बांधून पूर्ण झालेले वस्तुसंग्रहालय आहे. शहराला समुद्र नाही. तरीही संग्रहालयात शिरणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल एका प्रचंड सांगाड्यापाशी थबकते. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा तो सांगाडा. समुद्राशी या राजधानीचे नाते मात्र त्या देवमाशाहून जुने आहे. त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी, १९०५-०६ मध्ये, महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या संस्थानाने आपल्या दूरच्या किनाऱ्यावरील सागरी जीवांची शास्त्रीय पाहणी करून घेतली होती. त्या कामासाठी निवडलेल्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचे नाव जेम्स हॉर्नेल.

मोत्यांचे शिंपले, शंख, कालवे, तारली आणि होड्या हे हॉर्नेल यांच्या अभ्यासाचे विषय. वरवर पाहता ते विखुरलेले वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता. समुद्रातील धन एखाद्या वर्षी किनाऱ्यावर ओसंडून वाहते आणि पुढच्या वर्षी नाहीसे होते, ते का? मच्छीमार त्याला दैव म्हणत, सरकार त्याला महसुलातील तूट म्हणे. हॉर्नेल यांनी त्या जीवाचे अन्न, त्याची वीण आणि त्याचे शत्रू यांत उत्तर शोधले. भारतात मत्स्यआहार आणि मत्स्यसंवर्धन या शास्त्रांची शिस्तशीर मांडणी होण्याच्या कितीतरी आधी त्यांचा पाया ज्यांनी घातला, त्या मोजक्या संशोधकांत त्यांची गणना होते.

जर्सीचे बेट आणि मोत्यांचा समुद्र

हॉर्नेल यांचा जन्म १८६५ साली इंग्लंडमध्ये झाला. समुद्रजीवांच्या अभ्यासाची खरी उमेदवारी त्यांनी इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर केली. तेथे निसर्गअभ्यासक जोसेफ सिनेल यांच्यासह त्यांनी एक सागरी जीवशास्त्र केंद्र चालवले. लहान सागरी जीवांचे नमुने टिकवणे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काचपट्ट्या तयार करणे, त्या शिक्षणसंस्थांना आणि अभ्यासकांना पुरवणे हा त्या केंद्राचा उद्योग होता. सागरी प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मदर्शन या विषयाला वाहिलेले एक नियतकालिकही तेथून निघे. विद्यापीठाच्या व्याख्यानगृहापेक्षा ओहोटीच्या खडकांवर आणि सूक्ष्मदर्शकाच्या मेजावर त्यांची नजर तयार झाली. पुढे मद्रासच्या किनाऱ्यावर माशाचे पोट उघडून त्यातील कणकण ओळखताना हीच सवय त्यांच्या कामी आली.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १९०२ साली. सिलोनच्या सरकारला मन्नारच्या आखातातील मोत्यांच्या शिंपल्यांची चिंता पडली होती. १८९१ नंतर तेथे मोत्यांची मासेमारीच झाली नव्हती. लिव्हरपूलचे प्राध्यापक विल्यम हर्डमन यांना तपासासाठी पाचारण करण्यात आले आणि हर्डमन यांनी साहाय्यक म्हणून हॉर्नेल यांना बरोबर घेतले. हर्डमन थोड्याच काळात मायदेशी परतले. हॉर्नेल मागे राहिले आणि त्यांनी शिंपल्यांच्या पटांचे निरीक्षण वर्षानुवर्षे चालू ठेवले. या तपासाचा अहवाल रॉयल सोसायटीने १९०३ ते १९०६ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केला.

१९०३ पासून काही वर्षे मोत्यांचा अक्षरशः पूर आला. पाणबुड्यांनी कोट्यवधी शिंपले वर काढले. या भरभराटीने मोहून जाऊन १९०६ मध्ये शिंपल्यांचे पट एका कंपनीला मक्त्याने देण्यात आले. पण निसर्गाने तो करार पाळला नाही. पट पुन्हा रिकामे झाले आणि काही वर्षांतच कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. हॉर्नेल यांच्या दृष्टीने हा धडा मोलाचा होता. शिंपल्यांची पिल्ले प्रवाहाबरोबर कोठे जाऊन बसतील याचा भरवसा नसतो. बसली तरी सरकणारी वाळू त्यांना गाडून टाकते, वाघळी आणि इतर शिकारी मासे त्यांचे थवेच्या थवे फस्त करतात. एका सुगीवरून पुढच्या वीस वर्षांचा हिशेब मांडणे म्हणजे समुद्राला शेतासारखे मोजणे होय. पुढे १९१६ साली या मोतीधंद्यातील अनियमित चढउतारांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला.

सयाजीरावांच्या किनाऱ्यावर

याच काळात बडोदा संस्थानाचे बोलावणे आले. बडोद्याचा मुलूख सलग नव्हता. काठेवाडच्या पश्चिम टोकाला, द्वारका आणि बेट शंखोद्धार जेथे आहेत, तो ओखामंडळचा भाग गायकवाडांच्या ताब्यात होता. राजधानीपासून दूर, पावसाला पारखा, शेतीला कोरडा आणि वाघेरांच्या बंडांसाठी ख्यात असा हा प्रदेश. महसूल खात्याच्या नजरेतून त्याची किंमत फारशी नव्हती. परंतु सयाजीरावांची दृष्टी वेगळी होती. अमरेली तालुक्यात १८९३ साली सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करणारा आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात नेणारा हा राजा होता. जमिनीचे, खनिजांचे, उद्योगांचे सर्वेक्षण करवून घेणाऱ्या संस्थानाने समुद्राचेही सर्वेक्षण करावे, हे त्या धोरणाशी सुसंगतच होते. पिकत नसलेल्या भूमीला समुद्राने हात द्यावा, अशी त्यामागची अपेक्षा होती.

हॉर्नेल यांनी १९०५-०६ मध्ये ओखामंडळचा किनारा पायाखाली घातला. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा पल्ला मोठा. ओहोटीला पाणी मागे सरले की प्रवाळ, स्पंज, समुद्रफुले, गोगलगायी, शिंपले यांचे एक जगच उघडे पडते. त्यांनी नमुने गोळा केले. त्यांतील प्रत्येक प्राणिगट त्या विषयातील अधिकारी व्यक्तीकडे पाठवला. स्पंजांचा अभ्यास आर्थर डेंडी यांनी केला, मऊ प्रवाळांचा जे. आर्थर थॉमसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने, तर कवच नसलेल्या रंगीत सागरी गोगलगायींचा सर चार्ल्स इलियट यांनी. इलियट हे व्यवसायाने मुत्सद्दी, पण या जीवांचे जाणकार होते. या सर्वांचे निष्कर्ष एकत्र करून बडोदा सरकारला सादर केलेला अहवाल दोन भागांत निघाला. पहिला भाग १९०९ मध्ये, दुसरा १९१६ मध्ये. एका देशी संस्थानाच्या पैशाने झालेले हे काम जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांच्या संदर्भात जाऊन बसले. ओखामंडळच्या सागरी जीवांविषयी लिहिताना आजही त्याचा उल्लेख टाळता येत नाही. पुढे १९८२ साली ओखा ते जोडिया या पट्ट्यात भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्याच सागरी संपत्तीचा एक भाग हॉर्नेल यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवला होता.

या पाहणीत त्यांचे विशेष लक्ष गेले ते एका चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याकडे. गोव्यातील वाचकांना तो परका नाही. जुन्या गोमंतकीय घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या शिंपल्यांच्या चकत्या बसवल्या जात, तोच हा शिंपला. प्लॅक्युना प्लॅसेंटा हे त्याचे शास्त्रीय नाव. झुवारीच्या मुखाजवळ चिखली उपसागरात त्याची वस्ती आहे आणि आज वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. ओखामंडळच्या चिखलट खाड्यांत त्याचे पट होते. त्यात सापडणारे बारीक मोती दागिन्यांसाठी फारसे उपयोगी नसत. मात्र औषधी भस्मासाठी त्यांना मागणी होती. हॉर्नेल यांनी सिलोनमधील तांबलगम सरोवरात याच शिंपल्याचा अभ्यास केला होता. त्यामुळे हे धन कसे जपून काढावे, याचा विचार त्यांना बडोद्याच्या संदर्भातही मांडता आला.

दुसरा विषय शंखाचा. ओखामंडळातील बेटाचे नावच शंखोद्धार. श्रीकृष्णाने शंखासुराचा वध येथे केला, ही श्रद्धा. हॉर्नेल यांनी शंखाकडे निव्वळ मृदुकाय प्राणी म्हणून पाहिले नाही. हिंदू जीवनात त्याला कोणते स्थान आहे, यावर त्यांनी याच अहवालाच्या दुसऱ्या भागात विस्तृत प्रकरण लिहिले. काठेवाडचे शंख बंगालच्या शंखकारांपर्यंत पोहोचत आणि तेथे त्यांच्या बांगड्या होत. जुन्या वसाहतींच्या अवशेषांत सापडलेल्या शंखाच्या तुकड्यांवरून त्यांनी असेही दाखवून दिले की, गुजरात-काठेवाडात शंखाच्या बांगड्यांचा उद्योग एके काळी स्थानिकच होता.

मद्रासमधील सोळा वर्षे

१९०८ मध्ये हॉर्नेल मद्रास इलाख्याच्या सेवेत आले. तेथे सर फ्रेडरिक निकल्सन यांनी भारतातील मत्स्यखात्यांचा पाया घालण्याचे काम नुकतेच हाती घेतले होते. दुष्काळ आणि शेतकऱ्यांचे कर्ज यांचा अभ्यास करता करता निकल्सन समुद्राकडे वळले होते. गरिबाच्या ताटात स्वस्त अन्न पडावे आणि मच्छीमार सावकाराच्या पाशातून सुटावा, हा त्यांचा ध्यास. या ध्यासाला शास्त्राचा आधार देण्याचे काम हॉर्नेल यांच्याकडे आले. निकल्सन यांच्यानंतर १९१८ मध्ये ते खात्याचे संचालक झाले आणि १९२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या पदावर राहिले.

समुद्रातून केवळ काढत राहण्यापेक्षा त्यात पेरावे, हा विचार त्यांनी आरंभीच मांडला. फ्रान्समधील आर्कशाँ येथे कालवांची शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तेथे चुन्याचा लेप दिलेली कौले पाण्यात मांडत. कालवांची पिल्ले त्या कौलांवर बसत. ती थोडी वाढली की अलगद सोडवून पुढच्या वाढीसाठी राखीव पटांत टाकत. हॉर्नेल यांनी ही पद्धत अभ्यासून १९१० मध्ये भारतासाठी तिचा अर्थ काय, याचे विवेचन केले. मद्रासच्या उत्तरेकडील पुलिकत सरोवरात कालवे वाढवण्याचा प्रयोग झाला. समुद्रातील मत्स्यशेती भारतात कशी करता येईल, यावर १९११ मध्ये त्यांचा स्वतंत्र निबंध खात्याच्या पत्रिकेत आला. त्या वेळी मत्स्यशेती म्हटले की तळ्यातील रोहू-कटला एवढेच डोळ्यांपुढे येई. खाडी, खाजण आणि उपसागर यांनाही शेताचा दर्जा देणारा हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे, याचे आज नवल वाटते.

खात्याच्या पत्रिका हे त्यांच्या कार्याचे खरे स्मारक. शंखावरील त्यांचा सविस्तर प्रबंध १९१४ मध्ये निघाला. त्यात शंखाची अंडी, त्याची वाढ, पाणबुड्यांच्या पद्धती, प्राचीन पांड्यांच्या कोरकई बंदरातील व्यापार आणि बंगाली सुवासिनीच्या हातातील शाखा या सर्वांना सारखेच स्थान आहे. ज्या दुर्मीळ शंखाला भाविक दक्षिणावर्ती म्हणून पूजतात, त्यालाच प्राणिशास्त्र डाव्या वळणाचा मानते, हा गमतीदार विरोधाभासही त्यांच्या लेखनात येतो. तुतीकोरीनच्या मासेमारीचा आकडेवारीने केलेला अभ्यास, खाण्याजोग्या शिंपल्यांची माहिती, दक्षिण भारतातील सामान्य मृदुकाय प्राणी, मन्नार आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतील मोत्यांचा धंदा, मद्रास इलाख्यातील मासेमारीच्या पद्धती अशी एकामागून एक पुस्तके त्यांनी सिद्ध केली. रामेश्वरजवळच्या क्रुसडाई बेटावर खात्याचे सागरी केंद्र आकाराला आले, तेही याच परंपरेतून.

तारली काय खाते?

हॉर्नेल यांच्या संशोधनातील सर्वांत दूरगामी भाग तारलीचा आहे. गोव्यात आणि कोकणात तारली म्हणजे सामान्य घरातील रोजची मासळी. मलबारच्या किनाऱ्यावर तर तिच्यावर एक अर्थव्यवस्थाच उभी होती. पावसाळा सरला की थवेच्या थवे किनाऱ्याला लागत. जेवढे खपे तेवढे खाल्ले जाई, थोडे सुकवले जाई. उरलेली मासळी पूर्वी नारळीच्या बुंध्याशी खत म्हणून पडे. पुढे ती मोठ्या कढयांत उकळून तेल काढण्याचा आणि चोथ्याचे खत करण्याचा उद्योग वाढला. निकल्सन यांनी तानूर येथे सुधारित पद्धतीचे प्रयोग केले आणि पाहता पाहता किनाऱ्यावर असे शेकडो लहान कारखाने निघाले. अशा वेळी तारली एखाद्या वर्षी आलीच नाही, तर काय होई? जाळी सुकत, कारखान्यांच्या चुली थंड पडत, सावकाराचे व्याज मात्र चालूच राही.

हॉर्नेल आणि त्यांचे सहकारी एम. रामस्वामी नायडू यांनी या कोड्याचा शोध माशाच्या पोटातून घेतला. त्यांनी ठरावीक काळाने तारलीचे नमुने तपासले. त्यांची लांबी मोजली, अंडाशयांची अवस्था नोंदवली, पोटातील अन्न सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याबरोबरच किनाऱ्यालगतच्या पाण्यातील तरंगत्या सूक्ष्म जीवांचीही वर्षभर नोंद ठेवली. म्हणजे ताटात काय आहे आणि पोटात काय आहे, हे दोन्ही एकाच वेळी तपासले. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा हा निबंध भारतीय मत्स्यविज्ञानात पायाभूत मानला जातो.

त्यातून जे चित्र उभे राहिले ते असे. तारलीच्या कल्ल्यांना बारीक दात्यांची गाळणी असते. तोंड उघडे ठेवून पोहताना पाणी बाहेर जाते आणि सूक्ष्म जीव आत राहतात. त्यांत डायटम या सिलिकेच्या कवचातील एकपेशीय वनस्पतींचा मोठा वाटा असतो. शिवाय कोपेपॉडसारखे अतिसूक्ष्म प्राणीही असतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड, खतयुक्त पाणी वर येते, नद्याही क्षार आणून टाकतात. त्या खतावर डायटमचे अमाप पीक येते. पाऊस ओसरला की भुकेली तारली त्या पिकावर चरायला किनाऱ्याला येते. तिची वीणही पावसाळ्याशी बांधलेली आहे. म्हणून तारलीचे येणे-न येणे हा मोसमी पाऊस, डायटम आणि मासा या साखळीचा प्रश्न ठरतो. साखळीची एक कडी कमकुवत झाली की मच्छीमाराचे जाळे रिकामे येते. पुढच्या पिढीतील संशोधकांनी फ्रॅजिलारिया ओशियानिका या डायटमच्या बहराशी तारलीच्या आगमनाचा संबंध जोडला, तो याच वाटेने पुढे जाऊन.

समुद्राचे हे ताट कधी विषारीही होते. पावसाळ्यानंतर मलबार किनाऱ्यावर पाण्याचा रंग पालटे आणि मेलेल्या माशांचा खच किनाऱ्यावर येऊन पडे. लोक त्याला कोप मानीत. हॉर्नेल यांनी १९१७ मध्ये या मृत्यूंमागे एका सूक्ष्म एकपेशीय जीवाची बेसुमार वाढ असल्याचे दाखवले. ज्या समृद्धीवर तारली पोसते, तीच समृद्धी प्रमाण सोडून वाढली तर प्राणवायू संपवते आणि पाणी नासवते. मत्स्यतळ्याचा मालक आज जादा खाद्य टाकण्याचे दुष्परिणाम जाणतो. निसर्गात घडणारी तीच प्रक्रिया हॉर्नेल यांनी खुल्या समुद्रात टिपली होती.

होड्यांचा अभ्यासक

मच्छीमारांच्या सहवासात राहता राहता हॉर्नेल यांचे लक्ष त्यांच्या होड्यांकडे वेधले गेले. कोकण-कारवारच्या उलांडीच्या होड्या, कोरोमंडलचे कट्टुमरम, लाटांतून जाणाऱ्या शिवलेल्या मसुला होड्या, नदीतील परात-होड्या या प्रत्येकीच्या बांधणीतून माणसांच्या स्थलांतराचा इतिहास वाचता येईल, असे त्यांना वाटले. भारतीय होड्यांच्या रचनेवरील त्यांचा प्रबंध १९२० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला. निवृत्तीनंतर १९२४-२५ मध्ये ते सेंट जॉर्ज जहाजावरील शास्त्रीय मोहिमेबरोबर प्रशांत महासागरात गेले. ए. सी. हॅडन यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला प्रशांत महासागरी होड्यांवरील ग्रंथ आणि १९४६ मध्ये केंब्रिजहून निघालेला जलवाहतुकीच्या उगमावरील ग्रंथ यांनी त्यांचे नाव मानववंशशास्त्रातही रुजवले. त्याच काळात मॉरिशस, सेशेल्स, सिएरा लिओन, माल्टा, पॅलेस्टाईन आणि फिजी येथील मासेमारीवरही त्यांनी अहवाल लिहिले.

त्यांची सर्वच अनुमाने काळाच्या कसोटीला उतरली असे नाही. मोत्यांची उत्पत्ती एका फीतकृमीच्या अळीमुळे होते, या हर्डमन-हॉर्नेल यांच्या मताला पुढे मर्यादा पडल्या. दक्षिण भारतातील उलांडीवरून पॉलिनेशियन लोकांच्या आगमनापर्यंत त्यांनी ओढलेली रेषाही पुढच्या विद्वानांना मान्य झाली नाही. शिवाय ते वसाहतवादी राजवटीचे अधिकारी होते. मोती आणि शंख हे सरकारच्या मक्तेदारीचे विषय होते आणि पाणबुड्याच्या श्रमावर तिजोरी भरत होती. ही चौकट त्यांनी मोडली नाही. तरीही त्यांच्या लेखनात मच्छीमार हा अडाणी मजूर म्हणून येत नाही. त्याचे जाळे, त्याचा दोर, त्याचे वाऱ्याचे ज्ञान यांची नोंद ते जाणकाराच्या कौशल्याची नोंद म्हणून घेतात. भारतीय सहकाऱ्याचे नाव निबंधावर बरोबरीने छापण्याची वृत्तीही त्या काळी सर्रास आढळणारी नव्हती. त्यांच्यानंतर मद्रासच्या मत्स्यखात्याची धुरा डॉ. बी. सुंदर राज या भारतीय शास्त्रज्ञाकडे आली. मद्रासमध्ये हॉर्नेल यांच्या काळात घडलेले एस. टी. मोझेस यांनी पुढे बडोदा संस्थानाच्या मत्स्यखात्याचे काम पाहिले. ओखामंडळात सुरू झालेला धागा अशा रीतीने पुन्हा बडोद्याला येऊन मिळाला.

मागे राहिलेला प्रश्न

फेब्रुवारी १९४९ मध्ये हॉर्नेल यांचे निधन झाले. मासेमारीवरील त्यांचा अखेरचा ग्रंथ पुढच्या वर्षी, त्यांच्या पश्चात, केंब्रिजहून बाहेर पडला. त्यांच्या निधनाच्याच वर्षी बडोदा कॉलेजचे रूपांतर महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले आणि सयाजीगंजात प्राणिशास्त्राच्या अध्यापनाला नवे घर मिळाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४७ मध्ये, स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन केली होती. पुढे ती काही काळ मंडपमला होती. क्रुसडाई बेट तेथून हाकेच्या अंतरावर आहे. तारलीची लांबी मोजणे, पोट तपासणे, वय ठरवणे आणि आवक नोंदणे हे काम तेथे नेमाने चालू राहिले.

तारलीचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. केरळमध्ये २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. तापणारा समुद्र, एल निनो, बदललेला मोसमी पाऊस आणि पिल्लांची बेसुमार मासेमारी अशी कारणे संशोधक देतात. दहा सेंटिमीटरहून लहान तारली पकडू नये, अशी त्यांची शिफारस आहे. गोव्याच्या बाजारातही ज्या वर्षी तारली कमी येते, त्या वर्षी सामान्य घरातील ताटाचा खर्च वाढतो.

या कथेला आणखी एक बाजू आहे. कोळंबी आणि पिंजऱ्यातील मासे वाढवण्यासाठी आज जे खाद्य तयार होते, त्यात मासळीची भुकटी आणि मासळीचे तेल लागते. त्यासाठी तारलीसारख्या लहान माशांचीच मोठी मागणी असते. डायटमच्या कुरणावर तारली पोसावी, तिने गरिबाचे पोट भरावे, अशी निसर्गाची रचना. आता तीच तारली दळून महागड्या माशाचे खाद्य होऊ लागली आहे. म्हणूनच मत्स्यआहाराच्या आधुनिक प्रयोगशाळांत सोयाबीन, शेंगदाणा पेंड, शैवाल, कीटक यांपासून पर्यायी खाद्य शोधण्याची धडपड चालली आहे. समुद्रातून एक किलो मासळी काढून त्या बदल्यात ताटात किती मासळी येते, हा त्या संशोधनाचा खरा हिशेब आहे.

हॉर्नेल यांना हे प्रश्न या स्वरूपात ठाऊक नव्हते. पण त्यांची पद्धत आजही तशीच लागू पडते. किती मासळी काढता येईल हे ठरवण्याआधी ती काय खाते, कधी विते आणि तिला कोण खाते, हे पाहावे लागते. समुद्रापासून दूर असलेल्या एका राजधानीने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या कोरड्या, उपेक्षित किनाऱ्यासाठी ही चौकशी करून घेतली होती. ज्यांच्या दारातच समुद्र आहे, त्या राज्यांना ही चौकशी टाळता येण्यासारखी नाही.